रिकाम्या पोटी

रक्ताला कळत नाही
आपण बाहेर आलोत ते.
पट्टा सुटतो, सुई निघते, कापूस दाबला जातो
आणि नळीतल्या पेशी
घरात असल्यासारख्या जेवत राहतात.
कुणी वाढत नाही,
ताट तेवढं रिकामं होत जातं.

हे मी कॉलेजात शिकले, परीक्षेपुरतं.
मग एरंडवण्यातल्या या तळघरात
एकोणीस वर्षं सेंट्रिफ्यूजची घरघर ऐकत
पुन्हा पुन्हा शिकले.

मंगळवारी खानापूरच्या सेंटरवर
राखाडी टोपणाच्या नळ्या संपल्या.
त्या नळीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड असते,
ती पेशींचं तोंड बांधते. बाकी काही करत नाही.
तिथल्या नव्या मुलीने लाल टोपणाची घेतली.
सात वाजून पाच मिनिटं, लेबलावर लिहिलंय,
अक्षर सुरेख आहे.

पुढे इरफानची स्कूटर.
किरकटवाडीला पंक्चर,
धायरी फाट्यावर आडवा झालेला टँकर,
डब्यातला बर्फाचा पॅक लोण्यासारखा मऊ,
आणि एप्रिल.
नळी माझ्या टेबलावर आली दीड वाजता.
मी जेवायला गेले होते.
मशीन कुणासाठी थांबत नाही,
त्याने आकडा दिला, वर सही झाली, रिपोर्ट मोबाइलवर गेला.

दत्तोबा पासलकर, वय एकाहत्तर.
उपाशीपोटी साखर: अठ्ठ्याण्णव.

संध्याकाळी यादी चाळताना
माझं बोट त्या ओळीवर अडलं.
शेजारीच त्यांची जांभळ्या टोपणाची नळी,
तिला तीन महिन्यांचं सगळं आठवतं
आणि एका सकाळच्या उशिराने ती काही विसरत नाही.
ती म्हणत होती: सात पूर्णांक सहा.
दोघींपैकी एक खोटं बोलत होती.
लाल टोपणाची उजेडात धरली.
वरचं पाणी गवती चहासारखं पिवळं हवं,
होतं कोकमाच्या सरबतासारखं.
फुटलेल्या पेशी. सिंहगड रोडचे खड्डे
त्यात मोजता आले असते.

फोन सुनेने उचलला.
मागे टीव्ही, हसणं.
"मॅडम, आज दादांना अर्धा पेढा दिला,
किती वर्षांनी!"
मी टेबलावरचं झाकण उघडलं, लावलं,
पुन्हा उघडलं.
म्हटलं, नमुना परत घ्यावा लागेल.
"चुकलं कुणाचं?"
खानापूरच्या मुलीचं म्हणू?
टँकरचं? माझ्या डब्यातल्या भेंडीचं?
म्हटलं, आमचं.

बुधवारी इरफान स्वतः गेला,
घरून दोन थर्मास घेऊन, न सांगता.
राखाडी टोपण, सात वाजून दहा मिनिटं,
सव्वाआठला माझ्या हातात.
मी वेळ दोनदा लिहिली,
एकदा लेबलावर, एकदा तळहातावर.
एकशे सदतीस.

या वेळी फोनवर दत्तोबाच आले.
सगळं समजावून सांगितलं,
पूड, पेशी, साडेसहा तास.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
फक्त कोंबडा, आणि कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज.
मग म्हणाले,
"म्हणजे मी रात्रभर उपाशी,
आणि माझं रक्त तुमच्या बाटलीत बसून
निवांत न्याहारी करत होतं?"
"हो, दादा."
"मग मला तरी चहा का नाही प्यायला दिलात?"

मी हसले, मशीनकडे पाठ करून.
त्यांनी फोन ठेवला नाही.
थोड्या वेळाने विचारलं,
"त्या पेढ्याचं काय करायचं आता, पोरी?
तो तर खाल्ला."